धोंड्याच्या महिन्यात गोल्फची काठी

या, असे पुढं सरकून बसा. तिकडं पंख्याखाली बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. मी काही कीर्तनकार नव्हे. नाव व्यंकटराव, वीज कार्यालयातून निवृत्त झालेला कारकून. आयुष्यभर कीर्तनं ऐकली लई, सांगितलं कधीच काही नाही. पण आज एक सांगतो. यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात मी लातुरात बसून, गोल्फच्या काठीला दांडा स्टीलचा बरा की ग्राफाइटचा, याचा निकाल लावला. निकाल बरोबर होता. बाकी सगळं चुकलं.

धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. अधिक मासात जावई घरी आला की तो जावई राहत नाही, नारायण होतो. त्याला पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, ताटात तेहतीस अनारसे आणि वर पेटता दिवा ठेवून वाण द्यायचं. नारायणानं फक्त खायचं आणि घ्यायचं. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यानं उचलायचा नाही. उचलला तर सासूचा अपमान होतो.

आमचे नारायण म्हणजे श्रीशैलराव. मूळचे देगलूरचे, नोकरीला हैदराबादला. माणूस गुणी, पण अबोल. लग्नाला दोन वर्षं झाली, तेवढ्या काळात आमचं जे काही बोलणं झालं ते असं:

"प्रवास बरा झाला?"

"हाव."

"सावकाश जेवा."

"हाव."

"निघालात?"

"हाव."

आता यात त्यांचा दोष नाही. मी देवळाच्या ओट्यावर कीर्तनावर तासभर बोलेन, पण जावई समोर आले की माझी जीभ टाळूला चिकटते. एकदा शेवटी धीर करून "तिकडं पाऊस काय म्हणतो?" असं विचारलं, तर महिना जानेवारीचा निघाला.

तर चैत्रात आरतीचा, म्हणजे माझ्या लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबा, खरं सांगू का? त्यांना वाटतं, तुम्हाला ते आवडले न्हाईत."

मी फोन धरून तसाच खाली बसलो. "अगं, मला तर लई आवडतात ते."

"मग सांगा की त्यांना."

घ्या! जावयाला 'तुम्ही मला आवडता' असं तोंडावर सांगणारा सासरा मी तरी मराठवाड्यात पाहिलेला नाही. आपल्याकडं ही गोष्ट वस्तू देऊन सांगतात. म्हणून मी विचारलं, त्यांना कशाची आवड आहे? आरती हसून म्हणाली, "सध्या एकच वेड हाय. कंपनीतल्या लोकांबरोबर रविवारी गोल्फ खेळायला जातात. सात नंबरची नवीन काठी घ्यायची हाय, पण दांडा स्टीलचा घ्यावा का ग्राफाइटचा, तेच ठरंना. जेवतानासुद्धा मोबाइलवर तेच बघून राहिलेत."

माझ्या डोक्यात दिवा लागला. जो निर्णय जावयाला होईना तो सासऱ्यानं लावून द्यायचा, आणि धोंड्याचं वाण म्हणून ती काठीच पुढं करायची! आरतीला मी एक अक्षर सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. तिथून माझ्या हातातली दोरी सुटली.

"जावयाला काठी?" सिंधु म्हणाली. "धोंड्यात? लोक काय म्हणतील, सासऱ्यानं जावयाला काठी दाखवली!"

"दाखवायची नाही, द्यायची आहे. खेळायची असते ती."

"कशाची असते?"

"स्टीलची नाहीतर ग्राफाइटची."

"स्टील म्हणजे लोखंडच की. लोखंड शनीचं. वाणाला स्टीलचा तांब्या चालत न्हाई, तांब्याचाच लागतो, आणि तुम्ही जावयाला लोखंड देऊन राहिलात? दुसरं ते काय म्हणालात?"

मी ग्राफाइट म्हणजे काय ते सांगितलं. पेन्सिलीत असतं ते. काळं असतं.

"म्हणजे एकीकडं लोखंड आणि दुसरीकडं कोळसा," ती म्हणाली. "चांदीची मिळत न्हाई का?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीत पसरली. पहिले आले समोरचे श्रीमंतराव. त्यांची शेती चाकूरला, मुक्काम लातुरात, आणि मत सगळीकडं. खुर्चीत बसत म्हणाले, "व्यंकटराव, दांडा म्हणलं की बाभळीचा. माझ्या कुदळीला बाभळीचा दांडा हाय, बापापासून. ग्राफाइट-फिग्राफाइट काय घेऊन बसलात? मी शेतातनं एक चांगलं खोड आणून देतो. सुताराकडनं तासून घ्या."

"अहो, हा खेळ आहे."

"मंग काय झालं? खेळात हात फुटत न्हाईत का?"

त्यांच्यामागून आनंदराज सर आले. आमच्या गल्लीतले कॉलेजातून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. भला माणूस, पण कुठल्याही विषयाला अणूपासून सुरुवात करतात. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडून कागद मागून त्यावर षटकोन काढायला लागले. दुसरा चहा होईस्तोवर षटकोनांचं पोळं झालं. मग म्हणाले, "वहिनी, ग्राफाइट काळं असलं तरी हलक्या कुळीचं नाही. ग्राफाइट आणि हिरा हे सख्खे भाऊ आहेत. दोघंही शुद्ध कार्बन. फक्त आतली मांडणी वेगळी."

सिंधु स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हिऱ्याचा भाऊ?"

"सख्खा."

"मग ग्राफाइटच घ्या," ती म्हणाली. खटला संपला. जो प्रश्न हैदराबादेत महिनाभर पडून होता तो लातुरात दोन चहांमध्ये सुटला. श्रीमंतराव मात्र जाताना दारात म्हणाले, "भाऊ हिरा हाय म्हणून हा पण हिराच, असं असतं का? माझा भाऊ बघा."

आता वस्तू आणायची. खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा बजरंग माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "काका, गोल्फचं लातुरात कोण विचारतंय? हॉकी हाय. खाली वाकडीच असती, ती न्या." पण पोरगा कामाचा. त्यानं हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. व्यापारी दखनी बोलणारा, गोड माणूस.

"अंकल, ग्राफाइट अच्छा सोचे आप. हलका रहता, हाथ को झटका नहीं आता. स्टील भारी रहता, मगर हाथ को सब खबर देता. कौन खेलते?"

"जावई."

"हाइट कितनी है उनकी?"

मला माहीत नव्हतं. पाटावर बसलेले किती उंच दिसतात ते सांगता आलं असतं.

"स्विंग तेज है क्या धीमा?"

मी म्हणालो, स्वभाव शांत आहे.

"कोहनी-वोहनी दुखती क्या?"

तेही माहीत नव्हतं. दोन वर्षांत या माणसाबद्दल मी काय जमा केलं, तर 'हाव'. व्यापारी बिचारा म्हणाला, "कोई बात नहीं अंकल, आखिरी सवाल. राइट हँड या लेफ्ट?"

इथं माझी छाती फुगली. या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. जावई माझ्यासमोर कितीतरी वेळा जेवले होते. "राइट," मी ठासून म्हणालो. "एकदम राइट. मैं खुद देखा हूं."

मधल्या काळात देवळात अधिक मासाचा सप्ताह बसला. शेषेराव महाराजांचं कीर्तन म्हणजे माझा जीव की प्राण. दुपारी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि बोलता बोलता मनातली शंका काढली, की महाराज, वाणात अशी वस्तू चालते ना? महाराजांनी डोळे मिटले, म्हणाले, "भावानं दिलेलं सगळं चालतं." मी निश्चिंत झालो. निश्चिंत होऊन पहिल्या रांगेत बसलो. उत्तररंगाला महाराजांनी टाळ थांबवले आणि म्हणाले, "दृष्टांत ऐका. एक सासरा होता. इथंच हाय तो, लांब न्हाई. जावयासाठी त्यानं मागवली गोल्फची काठी! दांडा कशाचा? तर म्हणे हिऱ्याच्या भावाचा!" मंडप हसला. मृदंगवाला तर मृदंगावर पडला. आख्ख्या मंडपानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विठ्ठलनामाच्या गजरात मान खाली घालून बसलो. गंमत अशी की कीर्तन मोबाइलवरून सगळीकडं दिसत होतं. मी घरी पोचायच्या आत आरतीचा फोन.

"बाबा, तुम्ही काठी आणून राहिलात?"

"त्यांना सांगू नको."

"न्हाई सांगत. पण तुम्ही त्यांना एकदा विचारलं तर असतं."

"विचारून दिलेलं वाण असतं का कुठं?"

माझा मुद्दा बिनतोड होता. असे बिनतोड मुद्दे माणसाला नडतात.

पार्सल लातूरला यायचं ते नांदेडला गेलं. व्यापाऱ्याच्या हिशेबी मराठवाडा म्हणजे एकच गाव. उन्हात एसटीनं नांदेड गाठलं. बसस्टँडामागं एका गाळ्यात पार्सलचं ऑफिस होतं. काउंटरला महादेवी नावाच्या बाई बसल्या होत्या. कामाला चोख. पावतीवर नाव श्रीशैलरावांचं होतं, कारण व्यापाऱ्यानं 'किसके लिए' विचारलं आणि मी खरं सांगितलं.

"ज्यांचं नाव त्यांचं आधार कार्ड आणा," बाई म्हणाल्या.

"ते आणता येणार नाही. त्यांना न कळवता द्यायचं आहे."

"मंग तुम्ही कोण?"

"सासरा."

"पुरावा?"

तीस वर्षं मीही खिडकीच्या आत बसून लोकांना पुरावे मागितले होते. पण सासरेपणाचा दाखला कुठल्या तहसिलीत मिळतो? शेवटी मोबाइलमधले लग्नाचे फोटो काढले. एका फोटोत श्रीशैलराव स्पष्ट दिसत होते. चौरंगावर बसलेले, गळ्यात हार. आणि मी त्यांचे पाय धूत होतो. त्यामुळं माझं तोंड परातीत होतं. दिसत होतं ते फक्त टक्कल.

महादेवीबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "यात तोंड कुठाय?"

"वाकलोय ना मी."

"मंग वाका की. बघू."

नांदेडच्या त्या गाळ्यात, मागं पार्सलवाल्यांची रांग उभी असताना, मी काउंटरवर डोकं टेकवून वाकलो. बाईंनी एकदा फोटोतलं टक्कल पाहिलं, एकदा माझं. शेजारच्या माणसाला बोलावून त्याचंही मत घेतलं. तो म्हणाला, "हाव, हेच हाय. डाव्या अंगाला तीळ हाय बघा." माझ्या टकलावर तीळ आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"आत काय हाय?" सही घेताना बाईंनी विचारलं.

"दांडा. त्याला खाली लोखंडी डोकं."

त्यांनी रजिस्टरात 'शेती अवजार' लिहिलं. मी खोका काखेत मारला. माणसाची अब्रू एका दिवसात एकदाच तपासून व्हावी.

घरी येऊन खोका उघडला. काळा तुळतुळीत दांडा. आनंदराज सरांनी हळूच बोट फिरवून बघितलं. सिंधुनं खालचं टोक पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "हे काय? डोकं तर लोखंडाचंच की!"

खरंच होतं. दांडा कसलाही घ्या, खाली डोकं लोखंडाचंच. एवढा शनीचा विचार केला आणि शनी खालून आलाच. सिंधुनं त्या डोक्याला हळद-कुंकू लावलं, लाल दोरा बांधला आणि शनीची समजूत काढली.

धोंड्याच्या दिवशी जावई आले. बरोबर आरती, आणि श्रीशैलरावांच्या आई शांतम्माही आल्या. पाट, रांगोळी, औक्षण. ताटात अनारसे रचले, त्यावर दिवा ठेवला आणि वर आडवी काठी. ताट मावलं एवढं, काठी दोन्ही बाजूंनी बाहेर. मी ताट उचललं आणि वळलो, तर काठीचं एक टोक श्रीमंतरावांच्या चष्म्याला लागलं. ते "अगं आई" म्हणून मागं सरकले. मी उलट वळलो, तर दुसऱ्या टोकानं दिवा अनारशांवर झोपला. तुपात भिजलेले अनारसे चांगले लागतात, एवढंच त्यातलं समाधान.

श्रीशैलरावांनी काठी हातात घेतली. बराच वेळ बघितली. दांड्यावरून अंगठा फिरवला. "ग्राफाइट," ते म्हणाले.

"हाव," मी म्हणालो. या वेळी तो शब्द माझ्या वाट्याला आला.

"लई भारी हाय." एवढंच म्हणून त्यांनी मान खाली घातली. आरती भिंतीकडं बघत होती. मला वाटलं, लेकीचं मन भरून आलं.

जेवणं झाली, ऊन कललं, आणि श्रीमंतराव म्हणाले, "जावईबापू, दाखवा की मारून! आम्ही काय नुसतं ऐकूनच मरायचं का?" घराशेजारी मोकळा प्लॉट आहे. गल्ली जमली. श्रीशैलरावांनी पिशवीतून एक पांढरा चेंडू काढून मातीच्या ढेकळावर ठेवला. काठी धरली. मारली. चेंडू जागच्या जागी. पुन्हा मारली. या वेळी ढेकूळ उडालं, चेंडू तिथंच. तिसऱ्यांदा काठी हवेत नुसतीच सूं करून गेली.

"बाभळीची असती तर लागली असती," श्रीमंतराव म्हणाले.

पोरं खिदळली. माझे कान तापले. जावयाच्या पराक्रमाचं मी गल्लीत कमी वर्णन केलं नव्हतं. पण त्याहून वाईट वाटलं ते त्यांचा चेहरा बघून. रागावलेला नव्हता. दिलेली वस्तू चुकली हे मला कळू नये म्हणून धडपडणारा माणूस जसा दिसतो, तसा होता.

तेव्हा शांतम्मा कट्ट्यावरून म्हणाल्या, "श्रीशैला, किती वेळ लपवतोस? त्यांना सांग की."

श्रीशैलरावांनी माझ्याकडं पाहिलं. मग काठीचं डोकं फिरवून त्याचं टोक जमिनीकडं केलं, आणि चेंडूच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभे राहिले. डाव्या बाजूनं. काठी मागं गेली, आली, आणि असा काही आवाज झाला की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. चेंडू आभाळात गेला. आम्ही सगळ्यांनी तोंडं वर केली. मग श्रीमंतरावांच्या गच्चीवरून ठप्प असा आवाज आला, आणि पन्हाळीतून पाण्याची धार लागली.

"टाकी गेली माझी!" श्रीमंतराव ओरडले, आणि पळता पळता मागं वळून म्हणाले, "पण मारलं लई झकास!"

गल्ली त्यांच्या मागं पळाली. प्लॉटवर आम्ही दोघंच राहिलो.

"तुम्ही डावरे?" मी विचारलं.

"हाव."

"पण जेवता तर उजव्या हातानं."

ते ढेकळावर बसले. मीही बसलो. आणि मग श्रीशैलराव बोलायला लागले. मी मध्ये एकच प्रश्न विचारला, बाकी नुसतं ऐकलं, कारण कीर्तनात बसून मला एवढं एक येतं.

म्हणाले, लहानपणी डाव्या हातानं जेवायचो. घरी चालायचं. एकदा एका लग्नाच्या पंगतीत मी डाव्यानं घास उचलला आणि शेजारची माणसं हसायला लागली, एकानं तर आपली पत्रावळ उचलून पलीकडं नेली. मी रडून उठलो. तेव्हापासून कुठंही पंगत असली की आमचे अप्पा, म्हणजे वडील, माझ्या शेजारी बसायचे आणि स्वतः डाव्या हातानं जेवायचे. चार माणसांत. हसायचं तर मला हसा, असं.

"लोक काय म्हणायचे?"

"संगप्पा गिरणीवाल्याच्या डोक्यात पीठ गेलं, असं म्हणायचे." श्रीशैलराव हसले. "भात सांडायचा सगळा. सदऱ्यावर वरण. पण उठायचे न्हाईत. पुढं आजीनं लई गळ घातली म्हणून मी जेवण उजव्या हातावर आणलं. अप्पांचं मात्र डाव्यावरच राहिलं. आता सुटत न्हाई म्हणायचे. शेवटपर्यंत तसेच जेवले."

मग म्हणाले, "तुमच्याकडं वाण, नैवेद्य, सगळं सोवळ्यातलं. मला भीती वाटायची. डावा हात चुकून पुढं यायचा. म्हणून मी आलो की हात धरूनच बसतो. बोलायचं सुचत न्हाई."

मी म्हणालो, "श्रीशैलराव, तुम्ही आम्हाला आवडता." तोंडावर म्हणालो. ढेकळावर बसून म्हणायला सोपं जातं. वरून जोडून दिलं, "काठी बदलून आणू."

"राहू द्या," ते म्हणाले. "ही तुम्ही ठेवा. पुढच्या वेळी शिकवतो. तुमची कोपरं कशी हायत?"

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो तेव्हा जावयांनी डाव्या हातानं धोंडा मोडला. सिंधुनं बघितलं. मग तुपाचं भांडं घेऊन उठली आणि इतकं तूप वाढलं की शांतम्मांनी ताटावर हात आडवा धरला.

तर झालं. आता तुम्ही एवढा वेळ बसलात, तुमच्याकडं माझं एकच मागणं. देगलूरच्या संगप्पा गिरणीवाल्याला मी पाहिलं नाही, लग्नाआधीच ते गेले. त्यांचं कीर्तन कुणी करत नाही आणि करणारही नाही. तुम्ही पुढं कधी पंगतीला बसाल, तेव्हा पहिला घास घेताना एवढं नाव मनात आणा. घास कोणत्या हातानं घ्यायचा, ते तुमचं तुम्ही बघा.